किती दिसत होतं तुला, रत्ना?

रत्ना, भांडण अर्ध्यावर टाकून स्वयंपाकघरात निघून जायची तुझी सवय शेवटपर्यंत गेली नाही. मी मागोमाग ओट्यापाशी येऊन पुन्हा सुरू केलं की तू कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागायचीस. या वेळीही तेच केलंस. आता उरलेलं कुणाला ऐकवायचं ते मला कळत नाही. तेरावा झाला, पाहुणे पांगले, भाऊजी दुकानात जायला लागले. मी शाळेतून येते, चहा टाकते आणि वही उघडून तुझ्याशी वाद घालायला बसते. माझी बाजू मी मांडते, तुझी बाजूही मीच मांडते, आणि तरी हरते.

दोन जावांचं भांडण म्हटलं की लोकांना दागिने आठवतात, नाहीतर स्वयंपाकघर. आपलं भांडण तुझ्या डोक्यातल्या गाठीवरून होतं. ती कवटी उघडून काढून टाकायची, की कवटीला बारीक छिद्र पाडून नुसतं तिच्यातलं पाणी काढत राहायचं, एवढाच आपला मुद्दा. मी म्हणायचे उघडा. तू म्हणायचीस छिद्र. गाठ तुझ्या डोक्यात होती आणि हट्ट दोघींचा सारखाच होता.

तू देवळ्याहून लग्न होऊन आलीस तेव्हा मला मुळीच आवडली नव्हतीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला ठाऊक असणारच. मी घरातली थोरली सून, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, सगळं जागच्या जागी लागणारी. आणि तू दाराच्या चौकटीला खांदा आपटल्याशिवाय खोलीत येत नव्हतीस. कप हातून नव्हे, कोपराने पडायचे. बाजूला ठेवलेली बादली तुला कधी दिसायची नाही. नाशकात द्वारकेच्या मागच्या गल्लीतलं आपलं घर, खाली दोघा भावांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, वर आपण. तू आलीस की खालूनच कळायचं, काहीतरी खणखणलेलं असायचं. मी तुला धांदरट म्हणायचे. तू म्हणायचीस, "आमचं खळं लय मोठं व्हतं ताई. हितं भिंतीच अंगावर येत्यात." मला वाटायचं, बोलण्यात हुशार आहे, कामात नाही.

आणि मूल होत नव्हतं. पाळी आधी लांबली, मग थांबलीच. आत्यांनी तुझ्याकडून उपास करवले, देवीच्या गडावर नेऊन ओटी भरवली, कुणाकुणाचे काढे पाजले. आत्या म्हणजे आपली सासू, आपल्याकडे सासूला आत्याच म्हणतात. बाई मनाने वाईट नव्हती, पण तोंड वाईट होतं. हळदीकुंकवाला तुला आत बसवायची आणि वाण मला वाटायला लावायची. तू आतून हसत बाहेर यायचीस. ते हसू मला त्या वेळी कोडगं वाटायचं.

मग द्वारकेच्या चौकात ती रिक्षा. आपण दोघी भाजी घेऊन रस्ता ओलांडत होतो. उजवीकडून रिक्षा येत होती, चांगली हॉर्न वाजवत, आणि तू सरळ तिच्यापुढे पाऊल टाकलंस. मी दंडाला धरून मागे ओढलं. रिक्षावाला शिव्या घालून गेला, मीही तेवढ्याच घातल्या. तू पांढरीफटक होऊन म्हणालीस, "आवाज आला ताई. पण कुठून आली तेच कळलं नाय." त्या दिवशी पहिल्यांदा मला शंका आली, की हा धांदरटपणा नसावा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला नाही. ते तुझ्यासमोर बसले, एक डोळा झाकायला लावला आणि हात बाजूने आत आणत गेले. त्यांचा हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत तू गप्प होतीस. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, मागे काहीतरी दाबतंय. नाशकात तेव्हा सीटी स्कॅनचं मशीन नवीनच होतं. फोटोत ते दिसलं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेच, पाण्याने भरलेली एक पिशवी आणि तिला चिकटलेला थोडा घट्ट भाग. मेंदूच्या डॉक्टरांनी तो फोटो भिंतीवरच्या दिव्यासमोर धरून आपल्याला दाखवला. कॅन्सर नव्हे, म्हणाले. पण जागा वाईट आहे. ही पिशवी डोळ्यांच्या शिरा दाबते आणि तिथेच असलेली ग्रंथीही दाबते. पाळी त्या ग्रंथीमुळेच थांबली. तिचं काम करणाऱ्या गोळ्या आता रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत.

म्हणजे इतके दिवस देवाचा कोप नव्हता, तुझा दोष नव्हता, पाण्याची पिशवी होती. आत्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी तुला सगळ्यांच्या आधी जेवायला वाढलं. आपल्या घरात माफी एवढीच मिळते.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, डोकं उघडून गाठ जितकी निघेल तितकी काढायची, पिशवीच्या भिंतीसकट. नीट निघाली तर पुन्हा त्रास नाही. पण आजूबाजूला झोप, तहान, आठवण, स्वभाव सांभाळणारा भाग आहे, त्याला धक्का लागू शकतो. दुसरा, केसांच्या आत एक बारीक छिद्र पाडायचं, त्यातून केसाएवढी नव्हे पण तशी बारीकच नळी पिशवीत सोडायची आणि नळीचं वरचं टोक कातडीखाली बटणाएवढ्या रबरी डबीला जोडायचं. पाणी भरलं की दवाखान्यात यायचं, त्या डबीत सुई घालून काढून टाकायचं. दहा मिनिटांचं काम. पण गाठ आत राहणार, पाणी पुन्हा भरणार. मी विचारलं, "यातलं चांगलं कोणतं?" ते म्हणाले, "दोन्ही चांगली आणि दोन्ही वाईट." मला असली उत्तरं आवडत नाहीत. वर्गात मुलांनी असं उत्तर दिलं तर मी शून्य देते.

मी म्हटलं उघडून काढा. एकदाच काय ते होऊ दे. भाऊजी माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे आळीपाळीने बघत होते. आणि तू, तोवर गप्प बसलेली तू, म्हणालीस, "उघडायचं म्हंजे समदे केस काढतील का?"

झालं. आत्या ताडकन म्हणाल्या, "सवाष्णीचं डोकं भादरायचं? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही." मी म्हटलं, केस महिन्या-दोन महिन्यांत येतात. त्या म्हणाल्या, "नवरा धडधाकट असताना बाईला बोडकी करायची आणि मग केस यायची वाट बघायची?" भाऊजींची आईपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती. ह्यांचीही नव्हती. छिद्राचं ठरलं. चार केसांपायी जीव पणाला लावला, असं मी तुला त्या दिवशी म्हणाले, आणि नंतरही कितीदा म्हणाले. तू वेणी पुढे घेऊन तिच्याशी खेळत बसलीस.

छिद्र पाडलं त्या दिवशी भाऊजींना आत बोलावून डॉक्टरांनी काढलेलं पाणी दाखवलं. बाटलीत काळपट, तपकिरी, वर बारीक चमक. भाऊजी बाहेर येऊन मला म्हणाले, "वहिनी, जुनं गिअर ऑइल असतं ना, अगदी तसं. बदलायचं राहून गेलेलं." आणि भिंतीला टेकून रडले. त्यांना त्यांच्या धंद्यातलंच काहीतरी समोर आल्यावर रडता आलं, हे मी कधी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी तू डोक्याला छोटी पट्टी लावून बसली होतीस. मी खाटेशी बाजूला उभी होते. तू समोर खिडकीकडे बघत होतीस आणि मान न वळवता म्हणालीस, "ताई, तुमच्या पिशवीत शेव हाय ना?" पिशवी माझ्या हातात, तुझ्या बाजूला. मी पिशवी खाली ठेवली आणि तुला जवळ घेतलं. मला आठवतं तसं तोवर मी तुला कधी जवळ घेतलं नव्हतं. उघडायला हवं होतं हे माझं मत त्या दिवशी थोडं डळमळलं होतं, हे तुला आज सांगते. त्या वेळी सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

पाणी पुन्हा भरतंय हे ओळखायचं कसं, ते डॉक्टरांनी मला शिकवलं. भाऊजींना नाही, मला. मास्तरीण म्हणून असेल. दर रविवारी दुपारची भांडी झाली की आपण दोघी खिडकीजवळ समोरासमोर बसायचो. तू डावा डोळा तळहाताने झाकायचीस, उजव्याने माझ्या टिकलीकडे बघायचीस. मी माझा डावा हात बाजूने हळूहळू आत आणत बोटं हलवायचे. दिसली की तू "दिसलं" म्हणायचीस. मग दुसरा डोळा, दुसरा हात. उशिरा दिसायला लागलं की आपण दवाखान्यात जायचो, डॉक्टर डोक्यावरच्या त्या टेंगळात सुई घालायचे, तू डोळे मिटून मंगळसूत्राचे मणी फिरवायचीस आणि येताना आपण पाववडा खायचो. तुला मिरची लागायची आणि तरी दुसरी मागायचीस. घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं, कारण आत्यांच्या मते सुई घातल्यावर तेलकट खायचं नसतं.

हे रविवार मला फार आवडायचे. माझ्या मुलांना, ह्यांना, शाळेतल्या बायकांना कुणालाच माझ्याकडे असं एकटक बघायला वेळ नव्हता.

पुढे पुढे दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. आधी दोन-तीन महिन्यांनी जावं लागायचं, मग लांबलं, मग आणखी लांबलं. हात नुसता हलला की तुझं "दिसलं" यायचं. मी डॉक्टरांना फोनवर अभिमानाने सांगितलं, पाणी भरायचं थांबलंय वाटतं. ते म्हणाले, छान, पण एकदा दाखवून जा. तू म्हणालीस, जाऊ की पुढच्या महिन्यात. दिवाळी आली, कांद्याचा हंगाम आला, तुझ्या भावाचं लग्न आलं. मी तुला चिडवायचे, तुझी गाठ तुझ्यापेक्षा समजूतदार निघाली.

मग मी शाळेच्या जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालण्याआधी नर्सने उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाढवल्या. आत्यांनी त्यावरूनही कुरकुर केली, पण हात मोडलेला म्हणून चालवून घेतलं. त्या रविवारी आपण नेहमीप्रमाणे बसलो. डावा हात आणला, तू "दिसलं" म्हणालीस. मग तू उजवा डोळा झाकलास आणि मी प्लास्टरचा उजवा हात बाजूने आणला. बोटं मोकळी होती, ती हलवली. तू गप्प. आणखी आत आणली. गप्प. तू डाव्या डोळ्याने माझ्या टिकलीकडे बघत होतीस, चेहऱ्यावर तेच शांत हसू, आणि वाट बघत होतीस.

आधी वाटलं, एका डोळ्याचं गेलं. मग दुसरी शंका आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मी तुला म्हटलं, बस, पाणी पिऊन येते. मोरीत जाऊन डाव्या हाताला साबण लावला आणि मोडक्या हाताच्या बोटांनी एकेक बांगडी ओढून काढली. दोन फुटल्या. तेवढ्यात आत्या दारात आल्या. माझे दोन्ही हात मोकळे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं नवरा जिवंत आहे ना तुझा? काय अवदसा आठवली?" मी ओला हात तसाच घेऊन त्यांच्या अंगावरून बाहेर आले.

"उजव्याने बघ परत," मी म्हणाले. तू डावा डोळा झाकलास. मी डावा हात आणला, ज्या हाताला तू आत्ताच "दिसलं" म्हणाली होतीस. बोटं हलवली. तुझ्या कानापासून गालापर्यंत आणली. तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "आणा ना ताई."

"आणलाय," मी म्हटलं.

तुझा चेहरा उतरला. मग तूच म्हणालीस, "बांगड्या वाजल्या की कळायचं."

मी विचारलं, किती दिवस? तू म्हणालीस, "मोजलं नाय." मी विचारलं, का? का केलंस असं? आणि मग तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलं नाही, आज इथे लिहितेय.

"पानी लवकर लवकर भरतं म्हटल्यावर डॉक्टर दुसरं आपरेशन सांगतील. ते मला नको."

"अजून केसांचंच आहे का तुझं?"

"केस कुठले ताई. केसांचं नाव काढलं की आत्या मधी पडतात. त्या मधी पडल्या की तुमचं चालत नाय." तू हे असं म्हणालीस जसं दुधाला विरजण लावायची रीत सांगावी. "माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई आठवते का? सिन्नरकडची. तिचं डोकं उघडलेलं. तिला मी भात भरवायचे. तिची दोन पोरं यायची आन् ती त्यांना म्हनायची, कुणाची रे तुमी? गोड हसून म्हनायची. तिची गाठ निघाली, पर ती नाय उरली. तिला निदान पोरं तरी व्हती, ती रडली म्हणून कळलं. मला कोण हाय? मी इसरले तर मी इसरले हे बी कुणाच्या ध्यानात येणार नाय. मला अंधार चालंल ताई. पर आत मीच पाहिजे."

त्या बाईची गाठ वेगळी होती, जागा वेगळी होती, सगळ्यांचं तसं होत नाही, हे सगळं मी तुला सांगितलं. ओरडून सांगितलं. तू उठून ओट्यापाशी गेलीस.

संध्याकाळी भाऊजींना मी सांगून टाकलं. तू नको म्हणत होतीस, तरी. त्याबद्दल मला आजही जराही वाईट वाटत नाही, आणि हे तू जिथे असशील तिथे नीट ऐक. दुसऱ्या दिवशी पाणी काढलं, खूप निघालं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तुझी नजर तपासली, बराच वेळ तपासली. काही परत आलं, बाकीचं आलं नाही. शिरा फार दिवस दबल्या होत्या. त्यांनी उघडायचं पुन्हा सुचवलं, तू नको म्हणून मान हलवलीस, आणि या वेळी त्यांनी आत्यांकडे पाहिलंच नाही. मग किरणांचा शेक घ्यायचं ठरलं. शेकाने गाठीचा जोर कमी होतो, म्हणाले.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझ्याएवढी फसवणूक माझी कुणी केली नव्हती. रविवारी एकटक बघणारे ते डोळे मला बघत नव्हतेच, कान लावून बसलेले होते, हे काही केल्या सहन होईना. पण माझा हात मोडलेला. वेणी घालता येत नव्हती. तू रोज सकाळी शाळेच्या वेळेला कंगवा घेऊन माझ्या मागे येऊन बसायचीस. मी बोलायचे नाही, तूही नाही. तुझी बोटं चाचपडत भांग शोधायची, कधी वाकडा पडायचा, मग पुन्हा. शाळेतल्या बायका हसायच्या. प्लास्टर निघालं त्या दिवशी माझी वेणी मला घालता येत होती, आणि मी सवयीने तुझ्यापुढे येऊन बसले. तिथेच आपलं बोलणं सुरू झालं. कशावरून ते आठवत नाही, भाजीवरून असावं.

शेक घेताना तुझे कानांवरचे केस गळाले. आत्या हादरल्या. तू आरशाजवळ जाऊन, मान एकीकडून दुसरीकडे फिरवून, तुकड्यातुकड्याने स्वतःला बघितलंस आणि हसलीस. "बघा आत्या," तू म्हणालीस, "न भादरताच झालं." मला मात्र तुझ्याबरोबर हसू आलं, आणि त्या हसण्यात मी तुला बरंच माफ केलं. सगळं नाही.

नंतरची वर्षं तू अर्ध्या नजरेने काढलीस. कांदा हाताने ओळखून चिरायचीस, आणि माझ्यापेक्षा बारीक. माझ्या मुलीला पाढे पाठ करून घेतलेस, पोरगी अजून तुझ्या चालीत म्हणते. आत्या गेल्या तेव्हा त्यांचं सगळं तूच केलंस, मी शाळेचं निमित्त सांगून सुटले. आपण भांडायचोच. उघडून काढली असती तर एव्हाना तू सायकल चालवली असतीस, मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "चालवली असती, पर कुठं जायचं ते इसरले असते." आणि मी चिडले की हसायचीस. तुला सगळे आठवत होते. प्रत्येकाचा वाढदिवस, प्रत्येकाची न आवडणारी भाजी. हे तू मला दाखवायला करायचीस की काय, असं मला कधी कधी वाटायचं.

यंदा देवळ्याला माहेरी गेलीस आणि उलट्या सुरू झाल्या. तुझ्या त्या रोजच्या गोळ्या, ज्या ग्रंथीचं काम करायच्या, पोटात टिकेनात. माहेरच्यांना वाटलं, साधं पित्त आहे. तुझ्या भावाने फोन केला तेव्हा तू नीट बोलत नव्हतीस. नाशकात आणेपर्यंत सगळं संपत आलं होतं. गाठ शांत होती, डॉक्टर म्हणाले, गाठीने काही केलं नाही, गोळ्या अंगी लागल्या नाहीत त्याने गेली. मग मी कुणावर रागवायचं? त्या रात्रीपासून माझ्या तोंडात तेच वाक्य आहे. उघडून काढली असती तर.

म्हणून परवा मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांना समोर बसवून विचारायचं होतं, सरळ सांगा, तेव्हा उघडली असती तर ती आज असती का? दोन्ही चांगली आणि दोन्ही वाईट, असं म्हणाले तर उठायचंच नाही असं ठरवलं होतं.

बाहेर बाकावर गर्दी होती. माझ्या शेजारी डोंगराकडची एक बाई आणि तिची सून बसली होती. सुरगाण्याहून जीपने आल्या होत्या. सून विशीतली असेल. नर्स तिच्या अगदी बाजूला येऊन उभी राहिली तरी तिला पत्ता नव्हता. सासू माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमचं मानूस बी हितलंच का?"

"होतं," मी म्हटलं.

"हिच्या डोक्यात पान्याची गाठ हाय. डागदर म्हनतो, भोक पाडून पानी काढू, नायतर डोकं उघडून समदी काढू. आमाला काय समजतं? तुमी शिकलेल्या हाय. तुमीच सांगा, काय करावं?"

माझं उत्तर दहा वर्षं तयार होतं. एवढं पाठ झालेलं उत्तर आणि ते मागायला कुणीतरी आपण होऊन आलेलं. तरी मी विचारलं, "हिचं काय म्हणणं आहे?"

"हिला काय इचारायचं? हिचा नवरा इटभट्टीवर गेलाय. तो यील तवा सांगंल."

सुनेने पूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मला बारकं भोक पायजे," ती म्हणाली. सासू गप्प बस म्हणून दटावायला लागली, पण ती थांबली नाही. तिचं निम्मं बोलणं तिकडच्या बोलीतलं, मला समजलं नाही. एवढं समजलं, की तिला लग्नात म्हणायची गाणी येतात. तिच्या आईने शिकवलेली, लांबच लांब. आई गेली. आता ती गाणी एकट्या हिच्याच डोक्यात आहेत, आणि उघडलेल्या डोक्यातून ती सांडली तर कुठून आणायची, असं ती मला विचारत होती.

सासू माझ्याकडे बघत होती. शिकलेली बाई काय निकाल देते, याची वाट बघत होती. आतून माझं नाव पुकारलं, मी त्यांना पुढे व्हायला सांगितलं. रत्ना, तुला खरं सांगते, माझं मत बदललेलं नाही. उघडून काढावं असंच मला वाटतं, तुझंही, तिचंही. गाणी सांडत नाहीत, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"ती म्हणते तसं करा," मी सासूला म्हटलं. "आत गेल्यावर डॉक्टरांना तिलाच बोलू द्या."

त्या दोघी आत गेल्या. मी डॉक्टरांना न भेटताच जिना उतरले आणि खाली येऊन पायरीवर बसून खूप रडले. तुझ्या वेळी एवढं एक वाक्य म्हणायला आपल्या घरात कुणी नव्हतं.